ग्रॅमचा जमाखर्च

नोकरी म्हणून मी दुसऱ्यांचे हिशेब तपासते. रिमोटवर उडणारी एअरशिप, म्हणजे हेलियमच्या फुग्यावर तरंगणारं आणि मोटरींनी चालणारं यान, बनवायची ठरली तेव्हाही सुरुवात वहीपासूनच केली. कोऱ्या पानाच्या मधोमध उभी रेघ ओढली, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेच्या बाजूला एकच नोंद असते, ती हेलियमच्या उचलीची. खर्चाच्या बाजूला बाकी सगळं. विमान जड झालं तर विमानवाला मोठी मोटर लावतो, ड्रोनवालाही तेच करतो. एअरशिपला ही पळवाट नाही. फुगा जोडून झाला की जमेची रक्कम ठरली, आता तेवढ्यातच भागवायचं.

ही रक्कम काढायला फार गणित लागत नाही. २० अंश तापमानाला, समुद्रसपाटीच्या आसपास, एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२० किलो भरतं आणि तेवढ्याच हेलियमचं ०.१७ किलो. फरक १.०४ किलोच्या जवळ. म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम आणि वर थोडी चिल्लर. चिल्लर मी धरत नाही. उकाड्यात हवा विरळ होते, उंचावरच्या गावी आणखी विरळ, आणि फुग्यांसाठी मिळणाऱ्या सिलिंडरमधला हेलियम शंभर नंबरी असेलच असं नाही. त्यामुळे लिटरला एक ग्रॅम, त्यातूनही पाच टक्के हातचे राखून.

माझी भाची सई या कामात पहिल्यापासून भागीदार आहे. अकरावीत आहे, सोल्डरिंग माझ्यापेक्षा बरं करते. तिचा पहिला प्रश्न प्रत्येकाला पडतो तोच होता. "मावशी, हायड्रोजन तर हेलियमच्या निम्म्या वजनाचा. मग उचल दुप्पट मिळेल ना?"

नाही मिळत. उचल येते ती बाजूला सारलेल्या हवेमुळे. आतला वायू जितका जड तितकी त्यातून वजावट, एवढाच त्याचा संबंध. हेलियममुळे १.२० मधून ०.१७ वजा होतात, हायड्रोजनमुळे ०.०८. म्हणजे हायड्रोजनची उचल जास्तीत जास्त आठ टक्क्यांनी वाढते. आमच्या फुग्यात हा फरक ५८ ग्रॅमचा निघाला. त्या ५८ ग्रॅमसाठी घरात असा वायू आणायचा, जो हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेटतो! १९३७ साली अमेरिकेत लेकहर्स्टला जळालेली हिंडेनबर्ग ही जर्मन एअरशिपसुद्धा आखताना हेलियमसाठीच आखली होती. अमेरिकेने हेलियमची निर्यात कायद्याने अडवून ठेवली होती, म्हणून तिच्यात हायड्रोजन भरावा लागला. सईला एवढं सांगितल्यावर तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

आकार किती घ्यायचा, इथे बहुतेक जण घाबरून लहान घेतात. लहान म्हणजे सोपं असं वाटतं. वहीत मात्र उलटं दिसतं. मी लंबगोल आकार घेतला, लांबी २१० सेंमी आणि मधला व्यास ८० सेंमी. घनफळ ७०४ लिटर, पृष्ठभाग ४.३७ चौरस मीटर. हातचे राखून उचल ६६८ ग्रॅम. फिल्म चौरस मीटरला ४५ ग्रॅमची, म्हणजे नुसत्या कातडीचे १९७ गेले आणि हातात ४७१ उरले. आता हाच आकार बरोबर निम्मा करा, १०५ बाय ४०. घनफळ आठ पटींनी घटून ८८ लिटर होतं, पण पृष्ठभाग चारच पटींनी घटतो. उचल ८४, कातडी ४९, हातात उरले जेमतेम ३५ ग्रॅम. एवढ्यात मोटर, बॅटरी, रिसीव्हर, पंख सगळं बसवणारे लोक आहेत आणि त्यांचं काम पाहून थक्क व्हायला होतं, पण ती घड्याळजीची कामं. पहिल्याच खेपेला स्वतःला तेवढं अडचणीत कशाला टाकायचं? खोलीच्या दारातून बाहेर काढता येईल एवढा मोठा घ्यावा, हा माझा नियम. ८० सेंमी व्यास त्या दारावरूनच ठरला.

फिल्म म्हणजे चकचकीत नायलॉनची, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा आणि दुसऱ्या बाजूला पॉलिथिनचा पातळ थर. वाढदिवसाच्या चंदेरी फुग्यांना असते ती जात. रबरी फुग्यातून हेलियम एका रात्रीत निघून जातो, साध्या पॉलिथिनमधूनही फार टिकत नाही. त्याचे अणू सुटे आणि इवलेसे, कुठूनही वाट काढतात. मुलामा त्यांना अडवतो. पॉलिथिनचा थर दुसऱ्या कामाचा आहे. इस्त्रीच्या उष्णतेने तो वितळतो आणि दोन कडा एकमेकींना धरतात. हा थर नसलेली नुसती पॉलिएस्टर फिल्म स्वस्त आणि हलकी असते, पण इस्त्रीने चिकटत नाही, सगळे जोड टेपने करावे लागतात. टेपचं वजन कुणी धरतं का? मी धरते.

फुगा सहा कळ्यांचा. घेरदार झग्याला कापतात तशाच कळ्या, पण दोन्ही टोकांना निमुळत्या. प्रत्येक कळीची मधली रुंदी म्हणजे मधल्या घेराचा सहावा हिस्सा, ४१.९ सेंमी. पुढे पुढे जाताना त्या त्या ठिकाणचा घेर काढायचा आणि त्याला सहाने भागायचं. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. कळी फुग्याच्या पाठीवरून वळत जाते, आसावरून सरळ जात नाही. म्हणून फुगा २१० सेंमी लांब असला तरी कळी २३९ सेंमी लांब होते. हे जास्तीचे २९ सेंमी सारखे वाटलेले नसतात, बहुतेक सगळे टोकांपाशी असतात. मध्यापासून ९० सेंमी पुढे जाईपर्यंत कळीवर ९३ सेंमी भरतात, फरक नगण्य. पण आसावरच्या शेवटच्या १५ सेंमीसाठी कळीवर २६ सेंमी खर्ची पडतात. आराखडा आसाच्या मापाने काढला तर नाकाला नीट गोलाई येत नाही आणि तिथे सुरकुत्यांचा गुंता होतो. मी दर पाच सेंमीला रुंदी काढून जाड पुठ्ठ्यावर अर्ध्या कळीचा साचा कापला. तोच उलटसुलट ठेवून सहाही कळ्या कापल्या, प्रत्येक कडेला एक सेंमी जोडासाठी सोडून.

इस्त्रीचं काम मला सगळ्यात आवडलं. दोन कळ्या पॉलिथिनची बाजू आत घेऊन एकमेकींवर ठेवायच्या, कडा जुळवायच्या, वर बेकिंगचा कागद, आणि इस्त्रीची कड त्या एक सेंमीवरून सावकाश सरकवायची. खाली गोलाई दिलेली लाकडी पट्टी असली की वाकडी कडही सपाट बसते. इस्त्रीवरच्या खुणा कापडासाठी असतात, इथे त्यांचा उपयोग नाही. उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या करून आधी तापमान शोधायचं. जोडलेली पट्टी थंड होऊ द्यायची आणि दोन्ही टोकं धरून ओढायची. जोड उकलला तर उष्णता कमी. जोडाशेजारची फिल्म आखडून करकरीत झाली तर जास्त. जोड जागेवर राहून त्याच्या बाजूची फिल्म ताणली जाऊन फाटली की तापमान बरोबर. तिथेच बटणावर मार्करने रेघ मारून ठेवली. गरम जोड ओढून बघायचा मोह आवरावा लागतो, पॉलिथिन थिजेपर्यंत त्यात दम नसतो.

सहा कळ्यांची टोकं एका बिंदूत कधीच नीट मिळत नाहीत. मिळवायला जाऊ नये. दोन्ही टोकांना दोन-अडीच सेंमीचं भोक मुद्दाम ठेवायचं आणि त्याला फिल्मची गोल चकती लावायची. चकती आतून लावायची, कारण बाहेरचा नायलॉनचा थर इस्त्रीला दाद देत नाही. म्हणजे शेवटची शिवण घालण्याआधी दोन्ही चकत्या लागलेल्या हव्यात. शेवटच्या शिवणीतच पोटाकडच्या बाजूला गॅस भरायची झडप बसवायची. सपाट प्लास्टिकची झडप वजनाला काहीच नसते आणि आतला दाब तिला आपोआप मिटवून ठेवतो.

हेलियम भरण्याआधी फुगा साध्या हवेने भरून रात्रभर ठेवला. हवा फुकट आहे. साबणाचं पाणी मऊ ब्रशने प्रत्येक शिवणीवरून फिरवलं, जिथे बुडबुडे येतील तिथे मार्करने गोल केला. शिवणींवर फारसं काही सापडलं नाही. सापडलं ते कळ्यांच्या मधोमध, जिथे फिल्म जमिनीवर घासली गेली होती. सुईच्या टोकाएवढी छिद्रं. त्यांना टेपचे ठिगळ लावले. एकदा लावलेलं ठिगळ काढायचं नाही, मुलामा सोलून निघतो.

खर्चाची बाजू अशी भरली. कळ्या, शिवणी, चकत्या, झडप आणि ठिगळं मिळून २२६ ग्रॅम. शेपटीचे चार पंख, ३ मिमी फोमचे, काठाला कार्बनची काडी, ६४. गोंडोल्याचा, म्हणजे पोटाखालच्या पेटीचा, सांगाडा ३८. पुढच्या दोन ब्रशलेस मोटरी पंख्यांसकट ३०, त्यांचे स्पीड कंट्रोलर १४. शेपटीची छोटी मोटर १२. मोटरींची दिशा फिरवणारा सर्वो (हव्या त्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर), नळी आणि दातेरी चाकं २१. रिसीव्हर ६. दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ५२. वेल्क्रो आणि टेप १४. वायरी २७.

वायरींचे २७ वाचून सई हसली होती. पण काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही की गोंडोल्यापासून शेपटीपर्यंतची वायर दोन मोटरींच्या बरोबरीची भरते. शेपटीची मोटर अगदी थोडा प्रवाह ओढते, तिला केसासारखी इनॅमलची तार पुरते. मोटरीसोबत आलेल्या वायरी काढून तशी तार लावली. वर दिलेले २७ हे त्या बदलानंतरचे.

एकूण खर्च ५०४, जमा ६६८, शिल्लक १६४. शिल्लक एवढी का ठेवली, असं मला विचारतात. ज्यांनी वजनाचा हिशेब उडवण्याच्या दिवसापर्यंत लांबवला त्यांची गोष्ट मी त्यांना सांगते. ब्रिटिशांची आर१०१ एअरशिप तयार झाली तेव्हा ठरल्यापेक्षा जड भरली, डिझेल इंजिनं तर फारच. मग १९३० च्या उन्हाळ्यात तिला मधोमध कापून आणखी एक गॅसचा कप्पा घातला. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरच्या पहाटे कराचीच्या वाटेवर ती फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळली आणि ५४ पैकी ४८ माणसं गेली. अपघाताची कारणं नुसत्या वजनात संपत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी बांधून झालेली एअरशिप कापून लांब करावी लागणं, हे वाचलं की माझ्यातल्या हिशेबनीस बाईच्या पोटात गोळा येतो.

गोंडोला पोटाखाली कुठे लावायचा, तर मध्यावर नाही. पंख आणि शेपटीची मोटर मिळून ७६ ग्रॅम मध्यापासून सुमारे ८५ सेंमी मागे लटकतात. त्यांना तोलायला गोंडोल्याचे १६१ ग्रॅम ४० सेंमी पुढे आणावे लागले. दिसायला ते विचित्र दिसतं, खऱ्या एअरशिपच्या चित्रासारखं नाही. बॅटरी वेल्क्रोवर आहे, पुढेमागे सरकते, बारीकसारीक तोल तिच्याने साधतो. रिसीव्हरची अँटेना खाली लोंबती ठेवली आहे, कारण वर साडेचार चौरस मीटरचा धातूचा पडदा आहे आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यातून पलीकडे जात नाहीत.

दोन्ही पुढच्या मोटरी एका कार्बनच्या नळीच्या टोकांना आहेत आणि सर्वो ती नळी फिरवतो. मोटरी पुढे तोंड करून असतील तर एअरशिप पुढे जाते, वर केल्या तर वर. साधा सर्वो ९० अंशांच्या आसपास फिरतो, पण मला पूर्ण अर्धं वर्तुळ हवं होतं, म्हणजे मोटरी मागेही तोंड करू शकतील आणि ब्रेक लागेल. म्हणून मध्ये दोनास एक दातेरी चाकं घातली. त्यांचे तीन ग्रॅम मी जराही कुरकुर न करता खर्ची टाकले.

पंखांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. पंख नसलेला लंबगोल फुगा सरळ जाऊच शकत नाही. नाक जरासं बाजूला गेलं की हवा त्याला आणखी फिरवते, आणि तो आडवा होऊन थांबतो. माक्स मुंक यांनी १९२४ साली अमेरिकेतल्या नाका (NACA) या विमानविद्येच्या संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालात एअरशिपच्या कवचावरच्या या बलांचं गणित मांडलं आहे. चित्रात शोभतील एवढे पंख मॉडेलला अपुरे पडतात. आधी मनाला येतील तेवढे मोठे कापावे, आणि मग तोल बघून कमी करावे. ते फुग्याला टेपच्या ठिगळांवर उभे केलेत आणि प्रत्येक टोकापासून दोन्ही बाजूंना शिवणकामाचा दोरा ताणलाय. दोरा नसेल तर वळणावर पंख लटपटतात.

हेलियम भरायच्या दिवशीचा एक प्रयोग मला फार समाधान देऊन गेला. वजनकाट्यावर एक किलोचं वजन ठेवलं, रिकामा फुगा झडपेपाशी दोऱ्याने त्याला बांधला आणि हळूहळू गॅस सोडत गेलो. आधी काट्यावर काही फरक नाही, कारण पसरलेला फुगा जमिनीवरच होता. मग पाठ वर उठली, मग नाक, आणि सबंध फुगा जमिनीवरून सुटला तसा काटा उतरायला लागला. ९९०, ९४०, ८६०. सई आकडे मोठ्याने वाचत होती, मी झडप धरून. कळ्या ताठ होऊन शिवणींमधल्या सुरकुत्या गेल्या तेव्हा काटा ५४५ वर थांबला. म्हणजे निव्वळ उचल ४५५. वहीतल्या हिशेबाने ६६८ वजा २२६ म्हणजे ४४२ यायला हवे होते. तेरा ग्रॅम जास्त! हिशेब तपासणाऱ्या माणसाला शिल्लक जास्त निघाली तरी खटकतं. तापमान, गॅसची शुद्धता असं सगळं परत मांडून पाहिल्यावर कळलं की हातचे राखलेले पाच टक्के सगळे लागले नव्हते, एवढंच.

मग सगळं लावून तोल. वाळूच्या दहा-दहा ग्रॅमच्या कापडी पुरचुंड्या केल्या होत्या, त्या गोंडोल्याला लटकवल्या. शेवटचे काही ग्रॅम मातीच्या गोळीने. खोलीतला पंखा बंद, दार बंद, कुणी हलायचं नाही. सोडली की तिने तीन-चार ग्रॅम जड असल्यासारखं सावकाश खाली यावं, इतपत. बरोबर शून्यावर आणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बॅटरी संपली किंवा सिग्नल तुटला तर जड एअरशिप आपोआप खाली येते. हलकी असेल तर हॉलच्या छताला जाऊन बसते, आणि मग शिडी शोधा. सिग्नल तुटल्यावर सगळ्या मोटरी बंद, हेही रिसीव्हरमध्ये आधीच बसवून ठेवावं.

उडवतो आम्ही बॅडमिंटनच्या बंद हॉलमध्ये. बाहेर नाहीच. अंगावरचा घाम सुकवणारी झुळूकसुद्धा तिला वेगाने चालणाऱ्या माणसाच्या पुढे नेते, आणि आमची एअरशिप स्वतः चालण्याच्या वेगापलीकडे जात नाही. आंरी जिफार यांनी १८५२ साली पॅरिसहून वाफेच्या तीन अश्वशक्तीच्या इंजिनावर २७ किलोमीटर प्रवास केला, पण वाऱ्याविरुद्ध परत फिरणं त्यांनाही जमलं नाही.

हॉलमध्ये पहिल्यांदा ट्रान्समीटर सईच्या हातात होता. ड्रोन चालवून तिचा हात तयार आहे, आणि तोच आडवा आला.

"मावशी, ही वळतच नाहीये!"

"वळतेय गं. स्टिक सोड आता."

"अजून कुठे वळली?"

"सोड म्हणते ना."

तिने सोडली तेव्हा उशीर झाला होता. एअरशिप वळली, वळत राहिली, आणि नाक भिंतीकडे करून थांबली.

यात दोष तिचा नाही. हातात धरली तर एअरशिपला वजन नाही, बोटाने उचलता येते, म्हणून ती फुगा असल्यासारखी हलेल असं डोळे सांगतात. पण तरंगणाऱ्या वस्तूचं वस्तुमान तिने बाजूला सारलेल्या हवेइतकं असतं. ७०४ लिटर हवा म्हणजे ८५० ग्रॅम. शिवाय ती हलते तेव्हा आजूबाजूची हवाही तिच्यासोबत हलवावी लागते. नाकासमोर जाताना हा भार थोडाच असतो, पण आडवं सरकवताना तो जवळजवळ पाऊणपट भर घालतो. म्हणजे वजन शून्य आणि जडत्व दीड किलोचं. आणि हे सगळं ढकलायला शेपटीला नखाएवढा पंखा. स्टिक हलवली की आधी काहीच होत नाही, मग होतं, आणि मग थांबवता थांबत नाही. उपाय एकच, वळण अर्ध्यावर आलं की उलटी स्टिक द्यायची. भिंत जवळ आल्यावर नव्हे, भिंत दिसल्यावर मोटरी मागे फिरवायच्या. सईला हे दोन फेऱ्यांत उमगलं. मला अजून विचार करावा लागतो.

डोलण्याचंही तसंच. मोटरी पोटाखाली आहेत आणि हवेचा विरोध वर, फुग्यावर. एकदम थ्रॉटल दिला की नाक वर उचललं जातं. गोंडोल्याचं वजन लंबकासारखं त्याला खाली ओढतं, मग ते खाली जातं, परत वर. घाबरून थ्रॉटल कमीजास्त केला आणि तो त्या डोलण्याच्या तालात बसला की एअरशिप घोड्यासारखी उधळते. हात काढून घ्यायचा. थोड्या वेळात ती आपली आपण शांत होते.

उन्हाची तिरीप मात्र हातातली गोष्ट नाही. हॉलला वरच्या बाजूला काचा आहेत. चंदेरी फिल्म असली तरी ऊन पडलं की आतला गॅस तापतो. फुगा थोडा ढिला असेल आणि गॅस भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांनी तापला, तर तो २४ लिटर फुगतो, म्हणजे जवळजवळ २९ ग्रॅमची उचल फुकट वाढते आणि तोल बिघडून ती छताकडे निघते. फुगा आधीच ताठ भरलेला असेल तर फुगायला जागा नसते, दाब वाढतो आणि शिवणींवर येतो. मोठ्या एअरशिपमध्ये यासाठी आत हवेची वेगळी पिशवी असते, जिच्यातली हवा कमीजास्त करता येते. ही कल्पना झां-बातिस्त मन्ये यांनी १७८० च्या दशकातच मांडली होती. मॉडेलमध्ये तेवढं वजन परवडत नाही. आम्ही काचांवरून ऊन सरकल्यावर उडवतो.

गॅस रोज थोडा जातोच. आमच्या फुग्यात दिवसाला तीन-चार ग्रॅमची उचल कमी होते. दर दोन-तीन दिवसांनी एक पुरचुंडी काढायची. १६४ ची शिल्लक यासाठीच होती, वर ते तेरा ग्रॅम होतेच. ढिला पडला की वरून थोडा हेलियम भरायचा. पण काही आठवड्यांनी असं होतं की फुगा ताठ आहे, शिवणी ताणलेल्या आहेत, आणि काटा तरी पूर्वीइतका उतरत नाही. हेलियम बाहेर जातो तशी हवा हळूहळू आत येत असते. आत शिरलेल्या प्रत्येक टक्का हवेमागे आमच्या फुग्याची सात ग्रॅम उचल कमी होते, आणि नुसतं वरून भरून ती भरून निघत नाही. आम्ही निव्वळ उचल ४०० च्या खाली गेली की फुगा पूर्ण रिकामा करतो आणि नव्याने भरतो. रिकामा करताना खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, कारण सातशे लिटर हेलियम लहान खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारू शकतो. आणि आवाज बारीक काढून दाखवतो म्हणत कुणी झडपेला तोंड लावायला आलं, तर त्याला आधी खोलीबाहेर काढायचं, मग झडप उघडायची.